डावा

दुसऱ्या वर्षी आम्ही एकमेकांचे डोळे तपासायचो.
म्झुझूत रोगी उशिरा येत, धुकं उतरल्यावर;
तोवर आमचेच डोळे फुकट होते.

माझ्या वाट्याला लुसुंगू आला.
त्यानं माझा उजवा झाकला, म्हणाला, वाच.
मी म्हटलं, दिवे लाव की आधी.

दिवे चालूच होते.

वर्गात सगळ्यात जास्त मार्कांची मी,
आणि तक्त्यावरची तिसरी ओळ मला लागेना.
अक्षरं होती, पण वाळत घातलेल्या बारक्या मासळीसारखी,
नुसती चमक; एक मासा वेगळा काढता येईना.
लुसुंगूनं भिंग बदललं. पुन्हा बदललं.
चौकटीत भिंग बसताना होणारा तो बारीक टिक
अकरा वेळा ऐकला मी.
मग तो मॅडमना बोलवायला गेला.

न्यिरेंडा मॅडमनी बाहुलीतून उजेड फिरवला.
"डोळा निरोगी आहे," म्हणाल्या. "पडदा तर सुंदर.
लहानपणी नंबर होता, चष्मा नव्हता, इतकंच.
मेंदूला दोन चित्रं मिळायची, एक स्वच्छ, एक पुसट.
त्यानं पुसट ठेवलं नाही."
आणि लगेच वर्गाकडे वळून,
"या सगळे. अशी केस रोज मिळत नाही."

रांग लागली.
सतरा जणांनी माझ्या डाव्या डोळ्यात डोकावून
वह्यांत लिहून घेतलं.

पोरांत उजवं-डावं करू नये म्हणतात.
माझ्या डोक्यात कुणीतरी ते कधीच करून मोकळं झालं होतं,
न भांडता, मला न विचारता,
मी चारेक वर्षांची असताना
एकाला डावललं होतं.

मग एकेक आठवायला लागलं.
कपाच्या बाहेर जाणारी चहाची धार
आणि आईचं, "लक्ष कुठंय?"
नेटबॉलच्या संघातून तिसऱ्याच दिवशी काढलं ते.
आणि माशीचं ते चित्र, खास चष्म्यातून बघायचं:
टेम्वा किंचाळलीच, पंख चिमटीत धरायला गेली
हवेत, कागदाच्या चार बोटं वर.
मी सरळ कागदावर बोट टेकवलं.
मला वाटलं, बाकीचे नाटक करतायत.

शाळेत एकदा नर्स आली होती.
हातानं डोळा झाक, म्हणाली. झाकला.
बोटांच्या फटीतून सगळ्या ओळी बरोबर सांगितल्या.
तिनं पाठ थोपटली.
ती शाबासकी अजून पाठीवर आहे.

चौथ्या वर्षी नखाता बेला, शाळेत शिबिर.
मी पोरांना त्यांचा हात वापरू देत नाही,
माझाच तळवा ठेवते.
वोंगानीचा उजवा झाकला, तो गप्प.
डावा झाकला तशी मान झटकली,
माझं मनगट ओढायला लागला, रडायच्या बेतात.
कार्डावर लिहिलं, वय सहा.
खाली रेघ मारली. परत मारली.

आजी म्हणाली, दिसतंय की त्याला,
काल होडीत पडलेलं नाणं त्यानंच शोधलं.
चांगल्या डोळ्यावर पट्टी कशाला?
मी मेंदूचं सांगितलं, चित्रांचं सांगितलं.
टोंगा माझी मोडकी, नेमका शब्द सापडेना.
शेवटी म्हटलं, हातावर मक्याचे दाणे घ्या
आणि त्या दारात उभ्या राहा.
उजवा झाकून मी म्हटलं, पाच.
तीन होते.
ती हसली नाही. पोराकडे बघत राहिली.
पट्टी चिटेंजेच्या टोकाला गाठ मारून घेतली.
लावेल की नाही, माहीत नाही.

बस यायला वेळ होता. सरोवराच्या काठी गेले,
उजव्या डोळ्यावर तळवा ठेवला, फट न ठेवता.
होड्या गेल्या. मासळी उलटणाऱ्या बायका गेल्या.
राहिला निळा, काठ नसलेला,
आणि त्यात कुठंतरी हलणारं काही.
या वयात तो फारसा सुधारत नाही;
परीक्षेत हे लिहून मी मार्क मिळवलेत.

तरी हॉर्न वाजेपर्यंत
हात काढला नाही.